टूरवाल्यांचं ‘गावदर्शन’ आणि कच्छमधला एक दिवस

प्रश्न: डिसेंबरात सासूबाईंना घेऊन ग्रुप टूरने कच्छला चाललोय. तिसऱ्या दिवशी लिहिलंय भुजोडी, अजरखपूर, निरोणा, होडको आणि संध्याकाळी पांढरं रण. एका दिवसात एवढं होतं का? नणंद म्हणते गावं म्हणजे नुसती दुकानं असतात, बसमध्येच बसून राहा.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: होतं की, म्हणजे बस सगळीकडे थांबते. पण जरा नकाशा उघडून बघा ना. भुजोडी आणि अजरखपूर भुजच्या पूर्वेला, भुजोडी तर जेमतेम आठेक किलोमीटरवर, आणि निरोणा, होडको, रण हे सगळं उत्तरेकडे, रणाच्या तोंडाशी असलेलं धोरडो भुजपासून ८० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे आधी एका दिशेला जायचं, मग परत भुजवरून दुसऱ्या दिशेला आणि सूर्यास्त चुकू नये म्हणून टूर मॅनेजर प्रत्येक गावात ‘चला चला, वीस मिनिटं’ करत मागे लागणार. वीस मिनिटांत फक्त खरेदीच होते, त्यामुळे नणंदबाई अगदीच चुकीचं नाही बोलत.

माझं ऐकाल तर आत्ताच ऑफिसला फोन करा आणि पूर्वेची दोन गावं भुजला पोचण्याच्या किंवा निघण्याच्या दिवशी घालायला सांगा. चार-पाच प्रवाशांनी मिळून मागितलं तर बरेचदा ऐकतात. नाहीच ऐकलं तर सरळ म्हणा की एक गाव गाळा पण निरोण्यात तासभर द्या.

निरोण्यातच का, तर तिथे काम डोळ्यांसमोर चालतं. रोगन म्हणजे तेलाच्या रंगाने कापडावर काढलेली नक्षी, ती करणारे एरंडेल तेल तासन्‌तास उकळून चिकट लगदा करतात, त्यात रंग घालतात, तो गोळा तळहातावर घेऊन धातूच्या काडीने तार ओढतात आणि कापडावर सोडतात, काडी कापडाला टेकत पण नाही. अर्धी नक्षी झाली की कापड दुमडून दाबायचं, दुसरी बाजू आपोआप उमटते. २०१४ मध्ये मोदींनी ओबामांना भेट दिलं होतं ते चित्र इथलंच. तिथेच लोहार लोखंडी पत्रा ठोकून घंटा करतात, वेल्डिंग नाही काही नाही, वरून तांब्याचा मुलामा भट्टीत चढतो, आणि मग ठोकून ठोकून आवाज लावत बसतात. हे शेवटचं मात्र थांबून ऐकाच, एकाच मापाच्या दोन घंटा वेगळ्या का वाजतात ते त्यांनाच विचारा.

अजरखपूर गाव मुळात २००१ च्या भूकंपानंतर वसलं. धमडका या त्यांच्या जुन्या गावाच्या पाण्यात लोह वाढलं आणि अजरखचे, म्हणजे ठशांनी छापलेल्या कापडाचे, रंग बिघडायला लागले म्हणून बरेच खत्री कारागीर इकडे आले. कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, छापायचं, धुवायचं, परत छापायचं, कितीतरी टप्पे. काळा रंग तर गंजक्या लोखंडात गूळ घालून आंबवून करतात! त्यामुळे ‘अजरख’ म्हणून कोणी अगदीच स्वस्तात गळ्यात मारत असेल तर ते मशीन प्रिंट समजा. ठशांच्या जोडावर नक्षी केसभर पुढेमागे झालेली दिसली तर उलट बरं, हाताचं काम आहे. आणि घ्यायचं ते कारागिराच्या घरून घ्या, हायवेवरच्या मोठ्या शोरूमला गाडी ‘पाच मिनिटं’ थांबली की तिथे कोणाचं तरी कमिशन असतंच, फुकट चहा प्या आणि निघा.

फोटोचं मात्र सांभाळा, बन्नीतल्या, म्हणजे होडकोकडच्या गवताळ पट्ट्यातल्या, बऱ्याच बायकांना फोटो काढलेला आवडत नाही, आधी विचारा, नाही म्हटलं तर नाही. पोरांना चॉकलेटं, पैसे वाटत सुटू नका, त्याने पुढच्या प्रत्येक बसमागे पोरं धावतात.

सासूबाईंसाठी: टॉयलेट भुजहून निघताना आणि जेवणाच्या ठिकाणी, मध्ये भरवसा ठेवू नका. होडकोला जेवण असेल तर त्यांना भुंग्यात जरा आडवं होऊ द्या, ती गोल मातीची घरं दुपारी छान गार असतात. रणाचं परमिट टूरवाले काढतील पण आधारकार्ड सगळ्यांनी जवळ ठेवा. आणि स्वेटर बसच्या डिकीत नको, हातात, कारण सूर्य बुडाला की रणात एकदम थंडी पडते.

प्रश्न: आमच्या टूरमध्ये काळो डुंगर ‘ऑप्शनल’ आहे. जादा पैसे भरून जावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: दत्तभक्त असाल तर विचारूच नका, जा. कच्छमधली सगळ्यात उंच जागा, ४६२ मीटर, वर दत्तात्रेयाचं देऊळ आणि आरतीनंतर कोल्ह्यांना भाताचा प्रसाद ठेवायची जुनी पद्धत. कोल्हे दिसतीलच असं नाही. पण त्याच दिवशी रणातला सूर्यास्तही असेल तर वेळेचं गणित आधी विचारून घ्या, दोन्हीकडे धावपळ होणार असेल तर मी डुंगर सोडेन.