अ‍ॅलिस स्प्रिंग्सला एक दिवस मोकळा आहे, हर्मन्सबर्गला जावं का?

तुम्ही लिहिलंय की जुलैत आईबाबांना घेऊन ऑस्ट्रेलियाला चाललाय, उलुरू (तो मोठा लाल खडक) ठरलंय, अ‍ॅलिस स्प्रिंग्सला एक दिवस उरतोय आणि कोणीतरी सांगितलं की हर्मन्सबर्गला काही नाही, एक जुनं चर्च आणि चार पांढरी घरं. दिसायला आहे तेवढंच, खोटं नाही ते. तरी मी म्हणेन जा, फक्त तिथला आदिवासी चित्रकार अल्बर्ट नामाट्जिरा कोण हे आधी माहीत करून घ्या, नाहीतर अर्ध्या तासात आईबाबा "आता पुढे काय" विचारतील.

रस्त्याचं टेन्शन नाही. अ‍ॅलिसपासून पश्चिमेला साधारण 130 किमी, पूर्ण डांबरी, साधी कार चालते, दीड तास धरा. अंधार पडायच्या आत मात्र परत या, संध्याकाळी कांगारू आणि मोकळी गुरं रस्त्यावर येतात आणि बऱ्याच भाड्याच्या गाड्यांचा इन्शुरन्स गावाबाहेर रात्री लागू होत नाही.

हर्मन्सबर्गचं मूळ नाव एन्टारिया, पश्चिम अरेर्न्टे या आदिवासी लोकांची जमीन. 1877 मध्ये दोन जर्मन लुथरन मिशनरी दक्षिण ऑस्ट्रेलियातून मेंढ्या वगैरे घेऊन दीड वर्षाहून जास्त चालत इथे फिंक नदीकाठी पोचले आणि मिशन उभं केलं. 1894 ला कार्ल स्ट्रेलो हा मिशनरी आला, त्याने लोकांची भाषा, गोष्टी सगळं लिहून ठेवलं, आणि गंमत बघा, त्याच मिशनमध्ये त्या लोकांच्या विधींना पाखंड म्हणून विरोधही व्हायचा. 1920 च्या दशकाच्या शेवटी भयंकर दुष्काळ पडला, स्कर्व्हीने बरीच माणसं गेली, लहान मुलं जास्त, मग 1935 ला कापोरिल्या झऱ्यावरून पाइपने पाणी आणलं. मिशनमुळे माणसं जगली की मिशनने त्यांचं सगळं हिरावलं, यावर तिथलेच लोक एकमताने बोलत नाहीत, तेव्हा आपण टुरिस्टांनी अर्ध्या दिवसात निकाल देऊ नये असं मला वाटतं. 1982 मध्ये जमीन मूळ मालकांना परत मिळाली.

आता नामाट्जिरा. जन्म 1902, इथलाच. आधी लोकांच्या घरी लावायच्या मुलगा लाकडाच्या पाट्यांवर तापलेल्या तारेने चित्रं काढायचा (मुलगा हे बाभळीच्या जातीचं तिथलं झाड, मुलगा-मुलगी नव्हे). 1936 मध्ये रेक्स बॅटरबी नावाचा चित्रकार आला, त्याला वाटाड्या पाहिजे होता आणि याला जलरंग शिकायचे होते, सौदा झाला. दोनच वर्षांनी मेलबर्नला पहिलं प्रदर्शन आणि सगळी चित्रं विकली गेली. पांढऱ्या खोडाची घोस्ट गम झाडं, मागे जांभळे डोंगर. मला आधी वाटायचं रंग वाढवून काढलेत, पण जुलैच्या सकाळी त्या रस्त्याने जा, मॅकडोनेल रेंज खरंच तशी जांभळी दिसते. म्हणून मी तर म्हणतो आधी अ‍ॅलिसच्या अरालुएन आर्ट सेंटरमध्ये चित्रं बघा आणि मग ड्राइव्हला निघा, उलटं केलंत तर अर्धी मजा जाते.

इतका प्रसिद्ध माणूस, पण आदिवासी, म्हणून गुरं चारायला जमिनीची लीज मागितली तर नाही, अ‍ॅलिसमध्ये घर बांधायची परवानगी मागितली तर नाही. 1957 ला त्याला आणि बायकोला नागरिकत्वाचे हक्क मिळाले, मुलांना नाही. म्हणजे हा दारू विकत घेऊ शकतो पण हे हक्क नसलेल्या नातेवाइकाला दिली तर गुन्हा, आणि त्यांच्याकडे जे आहे ते नातेवाइकांत वाटायचं ही रीतच आहे. 1958 मध्ये त्याच कलमाखाली शिक्षा झाली, 1959 ला वारला. आणि चित्रांचा कॉपीराइट एका कंपनीकडे गेलेला तो कुटुंबाच्या ट्रस्टकडे परत यायला 2017 उजाडलं!! त्याने स्वतः बांधलेलं दोन खोल्यांचं घर गावाच्या अलीकडे आहे, तिथे थांबा. आत काही नाही, रिकामं आहे, पण ही गोष्ट डोक्यात असली की पाय निघत नाही.

मिशनच्या आवारात चर्च, शाळा, चामडं कमवायची जागा असं सगळं चुना लावलेल्या दगडाचं आहे, सपाट आहे, आईबाबांना त्रास नाही. टी रूममधला अ‍ॅपल स्ट्रुडल फेमस आहे. व्हेज असाल तर जेवण अ‍ॅलिसहून बांधून न्या. उघड्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारा, नेटवर विसंबू नका. लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि दारू गाडीत नेऊ नका, तिथे बंदी आहे.

विकत काही घ्यायचं असेल तर हर्मन्सबर्ग पॉटर्सची भांडी बघा, 1990 पासून तिथल्या बायका करतात, मातीच्या वळ्या रचून घडवलेलं मडकं, बाहेर रंगवलेलं आणि झाकणावर पक्षी नाहीतर प्राणी. स्वस्त नाहीत. जलरंग पाहिजे तर अ‍ॅलिसमध्ये इल्चा एन्चारा म्हणून सेंटर आहे, तिथे नामाट्जिराच्या घराण्यातले लोक अजून रंगवतात. एअरपोर्टवरचं छापील बूमरँग घेण्यापेक्षा तिथलं लहानसं चित्र घ्या.

पाम व्हॅली जवळच आहे पण फोर व्हील ड्राइव्हशिवाय जाऊ नका. हर्मन्सबर्गहून पुढे किंग्ज कॅन्यन या दरीला जायचा मेरीनी लूप हा रस्ता कच्चा आहे, परमिट लागतं, आईबाबा सोबत असताना मी तरी नेणार नाही. उलुरूला हवाईमार्गे किंवा स्टुअर्ट हायवेनेच जा, आणि जुलैत तिथे हिवाळा असतो, पहाटे शून्याखाली जातं, थर्मल घ्या दोघांना.