वाचक विचारतात : ॲनिमेतली वाफ आली कुठून?

प्रश्न : ‘स्टीमबॉय’ आणि ‘लापुता’ हे जपानी ॲनिमेशनपट (ॲनिमे) पाठोपाठ पाहिले. पितळी नळ्या, दातेरी चाकं, उडती जहाजं यांची नुसती रेलचेल. हे सगळं जपानच्या जुन्या विज्ञानकथांमधून आलं असं एकांनी सांगितलं. तुमचं काय मत?

उत्तर : जहाज तिथून आलं, वाफ नाही.

जुन्या जपानी विज्ञानकथा म्हटलं की आधी ओशिकावा शुन्रो यांचं नाव घ्यावं लागतं. १९०० साली, अजून शिकत असतानाच, त्यांनी ‘काइतेई गुंकान’ ही पाण्याखालच्या युद्धनौकेची कादंबरी लिहिली. नेपल्सहून जपानकडे निघालेलं जहाज हिंदी महासागरात चाचे बुडवतात. निवेदक आणि एक लहान मुलगा कसेबसे एका बेटाला लागतात. तिथे कॅप्टन साकुरागी नावाचा नौदलाचा अधिकारी जगापासून लपून एक अचाट पाणबुडी बांधत बसलेला असतो.

मेइजी काळातलं (१८६८ ते १९१२) ते अवघड जपानी मी अडखळत वाचत होते आणि डोळा एकाच गोष्टीवर होता : ही बोट चालते कशावर? बॉयलर कुठे दिसतोय का? छे! बारा पिंपं भरून गुप्त रसायनं, त्यांच्यावर सगळा कारभार. पुढे समुद्र खवळतो, पिंपं वाहून जातात, आणि सगळी सज्ज बोट जागच्या जागी अडकून पडते. मग नवी रसायनं आणायला मंडळी चक्क बलूनमध्ये बसून कोलंबोकडे निघतात. या प्रसंगावर मी फिदा आहे. पण यात वाफेचा टिपूस नाही.

आणि का असावा? ओशिकावांच्या वाचकांना वाफेचं अप्रूप उरलंच नव्हतं. अप्रूप होतं ते त्यांच्या आजोबांना. १८५४ साली अमेरिकन नौदलाचे कमोडोर पेरी यांनी योकोहामाला भेट म्हणून छोटं इंजिन, डबा आणि रूळ आणले होते. डबा इतका बुटका की आत मोठ्या माणसाला बसता येईना. तर एक अधिकारी सरळ टपावर चढला आणि झगा वाऱ्यावर फडफडवत त्या गोल रुळांवर फेऱ्या मारत राहिला. अमेरिकन वृत्तांतात हे वर्णन आहे. पुढच्याच वर्षी सागा संस्थानात तानाका हिसाशिगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाफेच्या इंजिनाचं चालतं मॉडेल तयार केलं. हे तानाका मूळचे चावीच्या बाहुल्या आणि घड्याळं करणारे कारागीर. १८७२मध्ये टोकियोतल्या शिंबाशी ते योकोहामा आगगाडी धावायला लागली. म्हणजे १९०० सालच्या पोराच्या लेखी इंजिन ही रोजची, धुरकट गोष्ट. त्याला हवी होती वीज, रसायनं, पाणबुडी.

वाफेची ओढ लागली ती वाफ गेल्यावर. तीही बरीचशी युरोपातून. ज्यूल व्हर्नच्या ‘८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’चं जपानी भाषांतर १८७८पासूनच आलं होतं, पण ‘लापुता’वर ठसा आहे तो त्या काळच्या पुस्तकांतल्या कोरीव चित्रांच्या शैलीचा. चित्रपटाची सुरुवातीची नामावली पुन्हा पाहा. खाणीचं गाव तर दिग्दर्शक मियाझाकी ब्रिटनमधल्या वेल्समध्ये जाऊन पाहून आले होते. ‘स्टीमबॉय’मध्ये दिग्दर्शक ओतोमोंनी थेट १८६६चं इंग्लंड गाठलं. गंमत म्हणजे ‘लापुता’ १९८६चा, आणि वाफेच्या यंत्रांभोवती रचलेल्या अशा कथांसाठीचा ‘स्टीमपंक’ हा शब्द लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी वापरात आणला १९८७मध्ये!

जपानी धागा शोधायचा तर तो लपलेल्या कॅप्टनमध्ये शोधा. ओशिकावांचा साकुरागी घेऊन तोहो या चित्रपट कंपनीने १९६३ साली चित्रपट केला. त्यात तो झाला कॅप्टन जिंगूजी आणि बोटीच्या नाकाला लागलं भलंमोठं ड्रिल. १९९०मध्ये आन्नो हिदेआकी यांच्या ‘नादिया’ या ॲनिमे मालिकेत पाणबुडीचा कॅप्टन नीमो येतो. नाव व्हर्नचं, पण ते लपणं, ती शिस्त, पोरांना बोटीवर सामावून घेणं बघितलं की मला साकुरागीच आठवतो.

प्रश्न : या जुन्या कथा फार युद्धखोर होत्या म्हणतात. मग त्यांचं एवढं कौतुक कशाला?

उत्तर : होत्याच. साकुरागी ती बोट सहलीसाठी बांधत नव्हता. १९०४मध्ये रशियाशी युद्ध पेटलं तसा ओशिकावांच्या पुढच्या भागांना आणखी जोर चढला. त्यांच्यानंतरचे उन्नो जूझा हे शिक्षणाने विद्युत अभियंते. लिहायचे झकास, पण १९३८च्या ‘उकाबू हिकोतो’ या कथेमध्ये त्यांनीही शत्रूचं तरंगतं विमानतळ आणि त्यात घुसणारा जपानी वीर रंगवला. हीच गोष्टींची शिदोरी घेऊन मोठी झालेली मुलं युद्धानंतर चित्रं काढायला बसली. जपानी चित्रकथांचे (मांगा) नामवंत चित्रकार तेझुका ओसामू त्यांतलेच.

म्हणून मला पुढची उलथापालथ महत्त्वाची वाटते. १९६३च्या चित्रपटात जिंगूजीला जपानी साम्राज्य परत उभारायचं असतं आणि त्याची मुलगीच त्याच्यासमोर उभी ठाकते. दिग्दर्शक होंडा इशिरो स्वतः चीनमध्ये सैनिक म्हणून राहून आलेले होते, त्या दृश्यांना धार आहे ती उगाच नाही. ‘स्टीमबॉय’मध्ये तर लंडनचं अख्खं प्रदर्शन म्हणजे शस्त्रांची मंडई. यंत्र तेच, कारागिरी तीच, पण आता विचारलं जातं की हे कोणाच्या हाती द्यायचं. ओशिकावांना हा प्रश्न पडलाच नव्हता. म्हणून कौतुक करताना मी त्यांची बलूनवाली पानं वाचते आणि भाषणबाजीची उलटते.

प्रश्न : दबलेल्या हवेवर चालणारा एक जपानी यंत्रमानव १९२८मध्ये होता म्हणे. हे खरं की ॲनिमेवाल्यांची थाप?

उत्तर : शंभर टक्के खरं. नाव ‘गाकुतेन्सोकू’, निर्माते निशिमुरा माकोतो, आणि तेही जीवशास्त्रज्ञ. क्योतोच्या प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला. सोनेरी रंग, तीन मीटरहून जास्त उंची, आत रबरी नळ्यांमधून खेळणारी हवा. वर बसवलेला यांत्रिक पक्षी ओरडला की हा डोळे मिटायचा, मग हातातला दिवा उजळायचा आणि स्वारी लिहायला लागायची. चेहऱ्यावर हसूसुद्धा यायचं. पाश्चात्त्य नाटकातल्या राबणाऱ्या यंत्रमानवांवर निशिमुरांचा राग होता. त्यांना विचार करणारा हवा होता.

मूळ यंत्र पुढे जर्मनीत हरवलं. १९८८च्या एका चित्रपटात तो पडद्यावर आला, तेव्हा निशिमुरांची भूमिका त्यांचे अभिनेते चिरंजीव को यांनी केली. प्रतिकृती ओसाकाच्या विज्ञान संग्रहालयात आहे. २००८मध्ये तिची डागडुजी झाली आणि आता तिच्यातल्या हवेचं नियंत्रण संगणक करतो.