कळतं, पण निवडणूक जवळ असते

प्रश्न : भाव गोठवले की टंचाई होते, हे साधं गणित नेत्यांना का कळत नाही?

कळतं की! रिचर्ड निक्सन यांचंच बघा. १९४२ साली ते अमेरिकेच्या भावनियंत्रण कार्यालयात टायरच्या रेशनिंगचं काम करत. तिथला कारभार आतून पाहिल्यामुळे नियंत्रणांचा त्यांना वीट आला होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १५ ऑगस्ट १९७१ रोजी त्यांनीच पगार आणि किमती ९० दिवसांसाठी गोठवल्या. निवडणूक होती १९७२ मध्ये. घोषणा लोकांना आवडली आणि निक्सन दणदणीत मतांनी पुन्हा निवडून आले.

१९७३ मध्ये पुन्हा भाव गोठवले, तेव्हा मात्र पंचाईत झाली. कोंबडीच्या भावाला टाळं लागलं, पण तिच्या खाद्याचे भाव चढतच राहिले. पिल्लू वाढवायचं म्हणजे खिशातून घालायचं. काही पोल्ट्रीवाल्यांनी मग पिल्लं बुडवून मारली. पुढच्या एप्रिलमध्ये नियंत्रणं गुंडाळली गेली. याला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मतांचा हिशेब तर अगदी बरोबर आला होता.

प्रश्न : मग अर्थशास्त्रज्ञांच्याच हाती सत्ता दिली तर?

कधी फळतं, कधी नाही. पश्चिम जर्मनीचा आर्थिक कारभार पाहणारे लुडविग एर्हार्ड अर्थशास्त्राचे डॉक्टर. जून १९४८ मध्ये तिथे नवं चलन आलं, त्यासोबत त्यांनी बहुतेक वस्तूंवरचे भावनिर्बंध उठवले. दडवलेला माल दुकानांत दिसू लागला. भावही चढले, नोव्हेंबरात कामगारांनी मोठा संप केला, पण एर्हार्ड बधले नाहीत.

उलट पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार सत्तेत येण्याआधी कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत. त्यांच्या राजवटीत नवा कारखाना काढायचा तर सरकारची परवानगी लागे, आणि त्या धंद्यात आधीच असलेल्यांना हरकत घेता येई. (स्पर्धेवरचा धडा प्राध्यापकमहाशयांनी कसा शिकवला असेल, याचं मला कुतूहल आहे.)

प्रश्न : उद्योगपतींशी ज्याचं सूत जुळतं, तो नेता मुक्त बाजाराचाच म्हणायचा ना?

इथे मात्र नेते आणि मतदार दोघेही खरोखर गल्लत करतात. धंद्यात बस्तान बसलेल्याला स्पर्धा नकोच असते. खुल्या व्यापाराची भाषा करणारे जॉर्ज बुश यांनी मार्च २००२ मध्ये आयात पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत कर लावला. पोलाद कंपन्या खूश झाल्या. पण पोलाद विकत घेऊन सुटे भाग, यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यांतले कामगार पोलाद कामगारांच्या कितीतरी पट होते; त्यांच्या मालकांना कच्चा माल महागात पडू लागला. फायदा मोजक्यांचा, म्हणून तो डोळ्यांत भरतो. तोटा हजारो ठिकाणी वाटला गेला की त्याचा मोर्चा निघत नाही. जागतिक व्यापार संघटनेतही निकाल विरोधात गेला आणि डिसेंबर २००३ मध्ये कर मागे घ्यावा लागला.

प्रश्न : म्हणजे सरकारनं हात बांधून बसायचं?

छे. करार मोडणाऱ्याला कोर्टात खेचणं, नदीत विषारी पाणी सोडणाऱ्याकडून भरपाई घेणं, ही कामं दुसरं कोण करणार?

प्रश्न : मतांची पर्वा न करणारा एखादा तरी नेता सांगा.

ब्रिटनचे पंतप्रधान रॉबर्ट पील. धान्याच्या आयातीवरच्या जकातीची त्यांनी स्वतःच वर्षानुवर्षं पाठराखण केली होती. मग मत बदललं, आणि स्वपक्षातल्या जमीनदारांचा रोष पत्करून त्यांनी ती हटवण्याचं विधेयक आणलं. २५ जून १८४६ रोजी ते लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, मंजूर झालं. त्याच रात्री पक्षातल्या बंडखोरांनी विरोधकांना साथ देऊन भलत्याच विधेयकावर सरकार पाडलं. चार दिवसांनी पील यांनी राजीनामा दिला.