पोरगं पाकिटं फोडायलंय, जुगाराला लागलं का?

"मॅडम, पोरगं सकाळी उठल्यापासनं पाकिटंच फोडायलंय ओ. हे जुगाराचंच लक्षण की नाही?" मी समुपदेशक आहे, नाताळच्या सुट्टीत मला असे फोन येतात. ज्यांच्या घरी हे अजून पोचलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. क्रिकेटपटूंच्या, फुटबॉलपटूंच्या फोटोंची कार्डं बंद पाकिटात मिळतात. आत कोण आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. बहुतेक कार्डं साधी असतात, एखादं चमकणारं, सोनेरी किंवा 'लिमिटेड' निघतं. मुलं त्या एका कार्डासाठी पाकीट घेतात. मग दुसरं घेतात.

गेल्या काही वर्षांतल्या केसेसपैकी एक इथे सांगते. घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा सातवीतला, घर सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागात. वडिलांचा शाळेचे गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना, आई तिथला हिशोब बघते, घरात आजी. शाळा २४ डिसेंबरला बंद झाली. त्याच दिवशी पुण्याहून मामा आला आणि भाच्यासाठी अख्खा बॉक्स घेऊन आला. बॉक्स एका संध्याकाळीत संपला. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानाकडे खेपा सुरू झाल्या. २८ तारखेला वडिलांना गल्ल्यात पंधराशे रुपये कमी दिसले. मुलगा आधी नाही म्हणाला, मग गप्प झाला, मग रडला. वडिलांनी सगळी कार्डं पिशवीत कोंबली आणि जाळायला गच्चीवर नेली. आजी जिन्यात आडवी उभी राहिली म्हणून कार्डं वाचली, आणि म्हणूनच हे चौघं माझ्याकडे आले.

वडील बसल्या बसल्या म्हणाले, "माझे चुलते लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. पगार झाला की आकडा. काकूंनी घरातली तांब्या-पितळेची भांडी मोडली, पण आकडा सुटला नाही. पाकीट हातात घेतल्यावर ह्याचे डोळे बघितले मी. तेच डोळे, मॅडम."

अशा बोलण्याला मी कधीच 'तुम्ही उगाच घाबरताय' म्हणत नाही. गिरण्यांच्या या शहरात मटक्याची भीती कुणी ऐकून शिकलेलं नसतं, ती घरात घडलेली असते. आणि मटक्याची सुरुवातही कापसाशी जोडलेली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात दर काय फुटतो त्यावर मुंबईत आकडे लागायचे, पुढे साठच्या दशकात चिठ्ठ्या काढणारा मटका आला. कापसावर जगलेल्या गावातल्या माणसाने आपल्या पोराच्या हातातलं बंद पाकीट पाहून दचकावं, यात नवल नाही.

आता खरं उत्तर. पाकिटात आणि आकड्यात एक गोष्ट सारखी आहे: बक्षीस केव्हा येईल ते ठरलेलं नसतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ठरावीक वेळा टोचल्यावर दाणा मिळत असेल तर कबूतर दाणा खाऊन थोडं थांबतं. कधी तिसऱ्या टोचणीला, कधी तिसाव्या टोचणीला मिळत असेल तर ते थांबतच नाही. दाणा बंद केला तरी बराच वेळ टोचत राहतं. पाकीट फोडताना मुलाच्या बोटांत जी घाई दिसते ती हीच. बाराव्या वर्षी ही ओढ जोरदार असते आणि तिला आवर घालणारी मेंदूची यंत्रणा अजून घडत असते. वडिलांना ते डोळे ओळखीचे वाटले, ते बरोबरच होतं.

पण जुगाराचा विकार हे निदान असं चार दिवसांवर होत नाही. डॉक्टर त्यासाठी साधारण वर्षभराचं वागणं बघतात: हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळणं, रक्कम वाढवत नेणं, थांबवायचा प्रयत्न फसणं, लपवाछपवी, त्यापायी शाळा-नाती बिघडणं. या मुलाच्या बाबतीत सुट्टीआधी यातलं काहीच नव्हतं. सुट्टीत लपवाछपवी झाली होती आणि ती गंभीर होतीच. तिचं वेगळं बघायचं होतं.

इथे समुपदेशक म्हणून माझं एक मत आहे. मुलाने काही वावगं केलं की त्याच्या मनात खोल काहीतरी दडलंय असं समजून खणत बसायची आपल्याला सवय लागली आहे. पुष्कळदा तसं काही नसतं. या मुलाला मित्र होते, मार्क ठीक होते, घरात भांडणं नव्हती. होती ती रिकामी सुट्टी, कारखान्यात अडकलेले आई-बाबा आणि हातात येणारा पैसा. तो किती येत होता हे मी त्यांना तिथेच कागदावर मांडायला लावलं. मामाने बॉक्स दिला, वर जाताना पाचशेची नोट दिली. बाबा रविवारी शंभर द्यायचे. आई 'जा, एवढं आण' म्हणून पाठवायची तेव्हा सुटे ठेवून घ्यायला द्यायची. आणि आजी रोज देत होती. कुणालाच दुसऱ्याचं माहीत नव्हतं. बेरीज झाली तेव्हा आईने कागद उचलून दोनदा बघितला. गल्ल्यातले पंधराशे तर त्यात धरलेलेच नव्हते.

आजी खाली बघत म्हणाल्या, "माझ्याजवळ बसून फोडायचा ओ तो. पोराचं तोंड असं फुलायचं. द्यावं वाटायचं." मी त्यांना काही बोलले नाही. आजीजवळ बसून फोडलेलं पाकीट आणि दुकानाच्या पायरीवर एकट्याने फोडलेलं पाकीट यांत फरक आहे, आणि तो मला मुलाकडूनच ऐकायचा होता.

पुढच्या वेळी मी त्याला सगळी कार्डं घेऊन यायला सांगितलं. माझ्यासमोर एक नवं पाकीटही फोडायला लावलं. आईला ते आवडलं नाही. मला मात्र पाकीट फोडल्यानंतर तो काय करतो ते बघायचं होतं. त्याने पाकीट दाताने फाडलं, कार्डांच्या कडा अंगठ्याने सरकवून चमक शोधली, नाही म्हटल्यावर गठ्ठा बाजूला टाकला. कोण खेळाडू आले हे त्याने पाहिलंच नव्हतं. अल्बम होता, तो अर्धाही भरला नव्हता, आणि अल्बमला न लावलेली कितीतरी कार्डं पिशवीच्या तळाशी पडून होती. मी आई-बाबांना हेच बघायला सांगते. फोडल्यानंतर मूल कार्ड वाचतं, लावतं, अदलाबदल करतं, कुणाला तरी दाखवतं, तर तो संग्रह आहे. फोडल्यावर लगेच पुढचं पाकीट हवं असेल, तर कार्डं निमित्तमात्र आहेत.

मग मी लुडोचा फासा काढला. "एक ते सहा सगळे आकडे यायला किती वेळा टाकावा लागेल?" तो म्हणाला, "सहा-सात. फार तर आठ." टाकायला लागला. पाच आकडे लवकर आले, तीन येईना. तो गुडघ्यांवर उठून बसला. "आता येणारच, मॅडम, इतका वेळ आला नाही म्हणजे आता येणारच." मी म्हटलं, फाशाला आठवण असते का? सरासरी पंधराच्या आसपास वेळा फासा टाकावा लागतो, आणि तीन येण्याची शक्यता दर वेळी सहात एकच राहते, आधी कितीही वेळा चुकला असला तरी.

मुलगा गणितात चांगला होता, म्हणून पुढचं सांगितलं. संचात १०० कार्डं आहेत आणि सगळी सारखीच छापली आहेत असं धर. पहिली पन्नास वेगवेगळी मिळवायला सरासरी ६९ कार्डं पुरतात. उरलेल्या पन्नासांसाठी आणखी ४५०. एकट्या शेवटच्या कार्डासाठी सरासरी १००. म्हणून सुरुवातीला अल्बम भराभर भरतो, मन खूश होतं, आणि मग डबलच डबल निघायला लागतात. चमकणारी कार्डं तर मुळात कमी छापतात. काही पाकिटांवर बारीक अक्षरांत १:२४ असं असतं, म्हणजे सरासरी चोवीस पाकिटांत एक. त्याला वाटायचं, चोवीस पाकिटं घेतली की एक नक्की. वाटप निव्वळ नशिबावर असेल तर चोवीस फोडूनही एकही न निघण्याची शक्यता ३६ टक्के असते. हे त्याने माझ्या कॅल्क्युलेटरवर स्वतः काढलं, तेवीस भागिले चोवीसला चोवीस वेळा गुणून. त्या दिवशी मी त्याला उपदेश केला नाही, लागलाच नाही.

"पण मॅडम, ही कार्डं पुढं लाखांत जातात," त्याचा शेवटचा मुद्दा. व्हिडिओत बघितलेलं. खोटं नव्हतं. होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं १९०९ ते १९११ च्या दरम्यान सिगारेटच्या पाकिटातून आलेलं कार्ड २०२२ साली ७२ लाख ५० हजार डॉलरला गेलं. टॉप्स कंपनीचं १९५२ चं मिकी मँटलचं कार्ड त्याच वर्षी १ कोटी २६ लाख डॉलरला. पण ती कार्डं महाग झाली कारण तेव्हा कुणी जपली नाहीत. मुलांनी खिशात चुरगळली, आयांनी केरात टाकली, मोजकीच उरली. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लोकांनी हीच किंमत डोळ्यासमोर ठेवून खोकीच्या खोकी जपली, कंपन्यांनी भरमसाट छापली, आणि त्यांतल्या बहुतेक कार्डांना आज कुणी विचारत नाही. सगळेच जपून ठेवतात ती वस्तू दुर्मीळ कशी होणार? मुलापेक्षा बाबांनाच हे पटकन कळलं. कापडाच्या धंद्यातला माणूस.

त्याच बैठकीत एक गोष्ट झाली जी मी ठरवलेली नव्हती. टाकलेल्या गठ्ठ्यातून मी एक कार्ड उचललं, अजिंक्य रहाणेचं. विचारलं, "हा कोण?" तो म्हणाला, "कॉमन आहे." इतका वेळ हाताची घडी घालून बसलेले बाबा एकदम पुढे सरकले. "कॉमन? अरे, ॲडलेडला छत्तीसवर गेलो होतो आपण. कोहली घरी परत आला होता. तेव्हा ह्यानं मेलबर्नला एकशे बारा मारले, पहाटे उठून बघितलंय मी. तू लहान होतास, झोपला होतास." २०२० चा बॉक्सिंग डे कसोटी सामना, नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू झालेला. बापलेक त्यावर इतकं बोलले की वेळ संपली तरी मी उठवलं नाही.

नियम आम्ही चौघांसमोर ठरवले, पण लिहिले मुलाने. पैसे कुणीही द्या, आजी असो की मामा, वहीत नोंद होणार आणि आईला बेरीज दिसणार. पाकीट रविवारी एक, आणि आधीच्या पाकिटातली कार्डं अल्बमला लागल्याशिवाय पुढचं फोडायचं नाही. फोडायचं ते घरात, आजीजवळ. डबल कार्डांची अदलाबदल मात्र हवी तेवढी. त्यात बोलावं लागतं, भाव करावा लागतो, कधी नाही ऐकून घ्यावं लागतं. मुलांनी खेळावा असा खरा खेळ मला तिथेच दिसतो.

पंधराशे रुपयांचं वेगळं होतं. न विचारता घेतलेला पैसा परत करायचाच, पण भीक मागून किंवा खाऊच्या पैशांतून नाही. रविवारी कारखान्यात बसून गणवेशांच्या घड्या घालायच्या, बाबा कामगाराला देतात त्याच दराने हिशोब धरणार. गड्ड्याच्या यात्रेला जायचे पैसे यातून कापू नका, असं मी बाबांना निक्षून सांगितलं. सिद्धेश्वरांच्या यात्रेत आपलं पोरगं पाळण्याखाली हात हलवत उभं राहिलं तर ते चोरी विसरेल आणि अपमान लक्षात ठेवेल. कार्डं जाळण्याबद्दलही तेच. वस्तू जाळली की मूल पुढची वस्तू जास्त चांगली लपवायला शिकतं.

घरातल्या रिकाम्या वेळेचा प्रश्न आईने स्वतःच सोडवला. दुपारी पोराला स्वतःची कार्डं बनवायला बसवलं, नियम एकच, खेळाडू सोलापूरचा हवा. पहिलं कार्ड पॉली उम्रीगर यांचं झालं, जन्म सोलापूर, १९२६, ५९ कसोटी, ३६३१ धावा, कसोटीत द्विशतक करणारे पहिले भारतीय. दुसरं माळशिरस तालुक्यातल्या किरण नवगिरे हिचं, नागालँडकडून टी-ट्वेंटीत नाबाद १६२. आजींनी कडेला रंग भरला. मुलाने त्याच्या चार-चार प्रती काढून बिल्डिंगमध्ये बदलायला नेल्या आणि त्या बदल्यात दोन हवी असलेली कार्डं मिळवून आला. एवढी अक्कल मी त्याला शिकवलेली नव्हती.

काही घरांत मात्र इतकं सरळ होत नाही. सुट्टी संपून महिना झाला तरी पैसे जात राहिले, पाकीट मिळालं नाही की मूल तोडफोड करू लागलं, क्रिकेट, सायकल, मित्र, सगळ्यातून लक्ष उडालं, किंवा मोबाइलवरच्या गेममध्येही तशाच, आत काय ते उघडल्याशिवाय न कळणाऱ्या पेट्या विकत घेणं सुरू झालं, तर वाट बघू नका. बेल्जियमने २०१८ मध्ये गेममधल्या अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणलं, इतकी ही गोष्ट मोठ्यांच्या दखलीची आहे. जवळ समुपदेशक नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

हा मुलगा मार्चमध्ये परीक्षेआधी एकदा येऊन गेला. पंधराशे फिटले होते. अल्बममध्ये अकरा जागा रिकाम्या होत्या आणि विजापूर रोडवरच्या एका मुलाकडे त्यांतली सात आहेत असं त्याला कळलं होतं. पाकिटं घेण्यापेक्षा ती सरळ विकत घेतली तर चालेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं. चालेल म्हटलं, फक्त भाव आधी आईला सांग.