वाचकांचे प्रश्न : घाटातलं धुकं, उसाचा तुरा, धबधब्याचं पाणी

प्रश्न : पावसाळ्यात करूळ घाटात धुक्याचे फोटो काढतो, पण सगळे मळकट राखाडी येतात. शिवाय गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ धरते. काय चुकतं? (कसबा बावडा)

उत्तर : कॅमेऱ्याचं मीटर (उजेड मोजणारी सोय) समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. धुकं त्याहून बरंच उजळ, म्हणून मीटर उजेड कापतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय) +०.७ ते +१ ठेवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, बघा. आलेख उजवीकडे सरकलेला हवा, पण कडेला चिकटता कामा नये. नुसत्या धुक्यावर ऑटोफोकस पुढे-मागे धावत राहतो. जवळच्या खोडाची काळी कड पकडून फोकस करा आणि मग मॅन्युअलवर टाका. असं एखादं गडद झाड चौकटीत ठेवाच, नाहीतर मागची दरी किती खोल आहे ते कळतच नाही.

वाफेचं कारण गाडीतला एसी. गार काचेवर बाहेरची दमट हवा लागली की पाणी धरणारच. पुसून उपयोग नाही, काच गार आहे तोवर वाफ परत येते आणि ओल्या फडक्याने ओरखडे-डाग मात्र वाढतात. घाटमाथ्यावरचं गगनबावडा यायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा खाली करा, कॅमेरा बॅगेतच राहू द्या. भुरभुर पावसात लेन्स बदलू नका. झूमही सारखा मागे-पुढे करू नका. नळी बाहेर येताना दमट हवा आत ओढली जाते.

घरी आल्यावरची काळजी जास्त महत्त्वाची. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामडी कव्हरमध्ये ठेवलेल्या लेन्सला हमखास बुरशी लागते. आधी कॅमेरा पंख्याखाली वाळवा. मग स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की ते संपृक्त झालं. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तासदोन तास तापवून परत वापरता येतं.

प्रश्न : उसाला तुरा आलाय. डोळ्यांना चमकतो तसा फोटोत चमकत नाही, पांढरट दिसतो. (शिरोळ)

उत्तर : तुम्ही बहुधा सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढताय. तुऱ्याचे तंतू उजेड आरपार गेला तरच पेटतात, म्हणून सूर्याकडे तोंड करून उभे राहा. उगवल्यानंतरचा किंवा मावळण्याआधीचा एक तास, बस्स. तुऱ्यामागे आभाळ नको. सावलीतली झाडांची रांग किंवा डोंगराचा उतार येईल असा बांध शोधा. तोच काळोख चमक उठावदार करतो. स्पॉट मीटरिंग (छोट्या ठिपक्यापुरताच उजेड मोजणं) तुऱ्यावर, कॉम्पेन्सेशन -०.३ ते -०.७, लेन्स हूड (लेन्सवर सावली धरणारी पुढची कड) लावलेला. हूड नसेल तर तळहाताने लेन्सवर सावली धरा. वारा असतोच, तेव्हा शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद नको. टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) आणि एफ/५.६ अ‍ॅपर्चरने (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) तुऱ्यांची गर्दी घट्ट बसते. बांधावर जाताना शेतकऱ्याला विचारा, आणि तोड कधी आहे तेही विचारून घ्या. टोळी एकदा फडात शिरली की तुरा गेला.

प्रश्न : राऊतवाडीच्या धबधब्याचं पाणी मोबाइलवर रेशमी का येत नाही? (राधानगरी रोड)

उत्तर : मोबाइलचं अ‍ॅपर्चर बहुधा कायमचं उघडं असतं, त्यामुळे दिवसा शटर मंद करायला गेलात की पाणी जळून पांढरा ठिपका होतो. सकाळी लवकर, ढगाळ उजेडात जा, सहा स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड निम्मा करणारा) क्लिप-ऑन एनडी फिल्टर, म्हणजे गडद काच, लावा, प्रो मोडमध्ये आयएसओ (उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) सर्वात कमी आणि शटर १/४ ते १/२ सेकंद ठेवा. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर लागेलच. ऐन जुलैच्या लोंढ्यात पाण्याच्या रेषा उमटत नाहीत. सप्टेंबरात धार पातळ झाली की छान येतात. शेवाळलेल्या दगडावर ट्रायपॉड रोवू नका, आणि पाण्याचा रंग अचानक गढूळ झाला तर कॅमेरा आवरून लगेच वर या. वरती पाऊस झालेला असतो.

प्रश्न : मसाई पठारावर फुलं कशी टिपावीत? (पन्हाळा)

उत्तर : कॅमेरा फुलांच्या उंचीवर, वाइड लेन्स, एफ/११, फोकस पुढच्या फुलावर. आडवं पडायचं असेल तर उघड्या कातळावरच पडा; मातीचा थर पातळ आहे, तिथे चिरडलेलं रोप पुन्हा उभं राहत नाही.