ना धड इंजिनिअर, ना धड बायोलॉजिस्ट

पीएचडी झाली, तिशी उलटली, तरी चारचौघांत सांगण्यासारखं पद नाही, ही तरुण संशोधकांची नेहमीची तक्रार. सुजयही (नाव आणि तपशील बदललेत) तीच घेऊन आला होता. वर आणखी एक खंत: "मॅडम, केमिकलवाले मला बायोलॉजीचा समजतात आणि बायोलॉजीवाले इंजिनिअर. मी दोन्हीकडे अर्धवट."

मी धीर वगैरे दिला नाही. म्हटलं, काम काय करतोस ते मला समजेल असं सांग.

जपानच्या यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशींपासून मूलपेशींसारख्या, म्हणजे शरीरातल्या कुठल्याही प्रकारच्या पेशी होऊ शकणाऱ्या पेशी बनवल्या, पुढच्याच वर्षी माणसाच्या. त्यांपासून हृदयाच्या पेशीही बनवता येतात. पण एका मोठ्या हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या शंभर कोटींच्या आसपास स्नायूपेशी मरू शकतात. त्या भरून काढायला प्रयोगशाळेतल्या डिश किती पुरणार? म्हणून बायोरिॲक्टर, म्हणजे पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवायची टाकी. त्यातलं पातं जोरात फिरलं की पेशींना इजा होते. हळू फिरलं की त्यांचे गोळे वाढतात आणि मधल्या पेशी ऑक्सिजनवाचून मरतात. या दोन्हींच्या मधला वेग शोधणं हे सुजयचं काम. सांगता सांगता तोच थांबला आणि म्हणाला, "नुसत्या इंजिनिअरला हे नाही जमायचं." नुसत्या बायोलॉजिस्टलाही नाही, हे त्यानं जरा उशिरा कबूल केलं. मी म्हटलं असतं तर त्याला पटलं नसतं.

नोकरीची भीती मात्र खरी होती, आणि तिच्यावर 'सकारात्मक विचार करा' हा उतारा चालत नाही. स्टेमप्यूसेल या मूलपेशींच्या औषधाला आपल्याकडे २०२० मध्ये मंजुरी मिळाली, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कार-टी या कॅन्सरवरच्या पेशी-उपचाराला २०२३ मध्ये. तरी आपल्याकडे जागा मोजक्याच. म्हणून त्याला सांगितलं, जाहिराती चाळत बसू नकोस, प्रोसेस डेव्हलपमेंटमधल्या, म्हणजे उत्पादनाची पद्धत बसवणाऱ्या माणसांशी बोल. लस आणि बायोसिमिलर (जैविक औषधांना पर्याय म्हणून बनवलेली तशीच औषधं) बनवणाऱ्या कंपन्यांतही बायोरिॲक्टरच असतात. तिथं कळलं, की त्याचा अनुभव चालतो, पण जीएमपीच्या, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाच्या नियमांप्रमाणे नोंदी ठेवायची सवय नाही. ती तो आता शिकतोय.

घरी वडिलांशी बोलून त्यानं एक वर्षाची मुदत ठरवली: पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन) तेवढंच, मग कंपनी. पेशींचं पोषक द्रावण (मीडिया) बदलायला रोज, अगदी दिवाळीतही लॅबमध्ये जावं लागायचं; ते त्यानं सहकाऱ्याबरोबर वाटून घेतलं. झोप सुधारली ती बहुधा त्यामुळेच.

परवा मुलाखतीचा फोन आला म्हणाला. रविवारच्या पाळीचं नक्की विचार, एवढंच मी सांगितलं.