कारण न कळलेल्या मृत्यूंची 'केस डेफिनेशन' (कुठला मृत्यू यादीत धरायचा त्याची व्याख्या) कशी ठरवतात? 'आधी धडधाकट होता' ही अट कशासाठी?

'धडधाकट' शब्द वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

माझा चुलतभाऊ, वय ३४, ढोल पथकात होता, विसर्जनाला अलका चौकापर्यंत ढोल कमरेला बांधून नाचत गेलेला माणूस. पुढच्या बुधवारी ताप, शुक्रवारी दम लागायला लागला, शनिवारी पहाटे गेला. डेंग्यू निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, एक्सरेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. आणि सर्टिफिकेटवर कारण काय, तर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट'. अहो, हृदय आणि श्वास बंद न पडता कोण मेलंय आजपर्यंत?

मी लॅब टेक्निशियन (दुसरीकडे), त्यामुळे रडायच्या आधी मला त्याची ट्यूब आठवली. ॲडमिट केलं त्या दिवशीचं रक्त, लाल झाकणाची ट्यूब, स्टिकरवर आडनाव चुकलेलं, त्यांच्या फ्रीजमध्ये मी स्वतः बघितली. म्हटलं टाकू नका, सीरम गोठवून ठेवा, एनआयव्ही (विषाणू तपासणारी राष्ट्रीय संस्था) आपल्याच पुण्यात आहे, सरकारी डॉक्टरांच्या पत्रावर पाठवता येईल. तर आमचे भाऊजी, स्वतः फिजिशियन, म्हणाले कुठल्या डेफिनेशनमध्ये बसवणार आहेस? थायरॉइडची गोळी चालू होती, म्हणजे धडधाकट नव्हताच. सोमवारी गेलो तर ट्यूबांचा रॅक धुऊन पालथा घातलेला.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. अमेरिकेत १९९५ साली अशा मृत्यूंवर नजर ठेवायला सुरुवात केली तेव्हा अट होती वय १ ते ४९, आधीचा मोठा आजार नाही, संसर्गाची लक्षणं आहेत आणि नेहमीच्या तपासण्यांत कारण सापडलेलं नाही. तान्ही बाळं, म्हातारी माणसं, कॅन्सर, एचआयव्ही, डायबेटिसवाले यांच्या मृत्यूला इतर कारणं ढीगभर असतात, त्यात नवीन जंतू हरवून जातो, म्हणून ते वगळले. म्हणजे ही अट ढीग कमी करायला आहे, मेलेल्याला फिटनेस सर्टिफिकेट द्यायला नाही!! मेंदूज्वरासाठीची एईएसची (अक्यूट एन्सेफलायटिस सिंड्रोम) डेफिनेशन बघा, अगदी उलटी आहे, कुठलंही वय, वर्षातली कुठलीही वेळ, अचानक ताप आणि जोडीला भ्रम किंवा नवीन झटके, एवढं पुरतं, गाळायचं ते नंतर गाळा. चंडिपुरा विषाणू नागपूरजवळच्या गावात सापडला १९६५ ला, आणि २००३ मध्ये आंध्रात मेंदूज्वराने मुलं पटापट दगावली तेव्हा पुण्याच्या एनआयव्हीने तोच पकडला. नमुने फेकून दिले असते तर कशात पकडला असता?

आणि 'निगेटिव्ह' म्हणजे तुम्ही केल्या तेवढ्याच टेस्ट निगेटिव्ह. कारण माहीत नाही असं लिहायचं तर काय काय तपासलं तेही त्याच कागदावर लिहा, नाहीतर डेंग्यूची एक पट्टी बघून हात झटकलेला पेशंट आणि खरंच सगळं तपासलेला पेशंट एकाच यादीत येतात.

हां, मी डॉक्टर नाही. डेफिनेशन फार सैल केली तर हार्ट अटॅक, विषबाधा सगळं आत येतं आणि तपासणारे बिचारे त्याखाली गाडले जातात, हे मान्य. पोस्टमॉर्टेमला वहिनी नाही म्हणाली आणि मीही आग्रह धरला नाही, तो दोष माझा.

पण भाऊजी, तुम्हीही हे ॲप वापरता म्हणून सांगतो, ती थायरॉइडची गोळी २५ मायक्रोग्रॅमची, म्हणजे अगदी कमी डोसची होती.